मुसद्दीलाल मोठ्या पडद्यावर परका का झाला?

फोंड्याचा प्रेक्षक

'ऑफिस ऑफिस' ही मालिका ज्यांनी सब टीव्हीवर २००१ पासून नेमाने पाहिली, त्यांना हा प्रश्न विचारतो आहे. त्या मालिकेवरून निघालेला 'चला मुसद्दी... ऑफिस ऑफिस' हा चित्रपट ५ ऑगस्ट २०११ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक तेच राजीव मेहरा, मुसद्दीलाल तेच पंकज कपूर, आणि टेबलापलीकडे बसणारे पाचही जण तेच: मनोज पाहवा, संजय मिश्रा, देवेन भोजानी, हेमंत पांडे आणि आपल्या आसावरी जोशी. सगळी मंडळी जागच्या जागी असूनही चित्रपटभर मला वाटत राहिले की हा माझा मुसद्दी नव्हे. तेव्हा पणजीला जाऊन तो थिएटरात पाहिला होता, नुकताच पुन्हा पाहिला, आणि निराशा कमी होण्याऐवजी तिचे कारण अधिक स्पष्ट दिसू लागले. ते कारण इथे मांडतो आणि ते इतरांना पटते का, हे विचारतो.

ज्यांना मालिका नीट आठवत नसेल त्यांच्यासाठी तिची घडण सांगणे भाग आहे, कारण माझे सगळे म्हणणे तिच्यावरच उभे आहे. मुसद्दीलाल हा सरळमार्गी, मध्यमवर्गीय गृहस्थ. दर भागात त्याचे एखाद्या कार्यालयात काहीतरी साधे, रास्त काम असते आणि तो कागदपत्रांसह तिथे पोहोचतो. आज एक खाते, पुढच्या भागात दुसरे. पण खाते बदलले तरी खुर्च्यांवरची माणसे बदलत नाहीत. भाटियाचे खाणे चालू असते, शुक्लाच्या तोंडात पान असते, पटेल कुठल्याही गोष्टीतून 'दो बातें' काढून दाखवतो. त्यांची नावे तीच, लकबी त्याच, फक्त दारावरची पाटी नवी. तुम्ही कोणत्याही दारातून आत जा, तिथे हीच माणसे बसलेली असणार, हे मालिकेला सांगायचे होते आणि त्यासाठी तिला एकाही भाषणाची गरज पडली नाही.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती, जी तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. मुसद्दीला मागचा भाग आठवत नसे. ज्या भाटियाने त्याला मागच्या वेळी नागवले, त्याच भाटियापुढे तो पुढच्या वेळी नवा अर्ज घेऊन तितक्याच अदबीने, तितक्याच भाबड्या विश्वासाने उभा राही. भाग संपला की झालेला अपमानही संपे, आणि म्हणूनच आपल्याला मनावर ओझे न घेता हसता येई. प्रत्येक भागाची वेस ही त्या विनोदाची खरी अट होती.

चित्रपटात ही वेसच राहिलेली नाही. इथे मुसद्दी निवृत्त शिक्षक आहे. रुग्णालयात त्याची पत्नी दगावते. मुलाला सोबत घेऊन तो अस्थिविसर्जनासाठी तीर्थयात्रेला जातो, मधल्या काळात चौकशीला आलेल्यांना घर बंद आढळते, आणि निवृत्तिवेतन खात्याच्या दप्तरात त्याची नोंद मृत म्हणून होते. पुढचा चित्रपट म्हणजे आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्यासाठी त्याने केलेली वणवण. कथाबीज म्हणून यापेक्षा चांगले काही मला सुचले नसते. पण मालिकेची रीत सांभाळायची म्हणून तेच पाच चेहरे आधी रुग्णालयात दिसतात, मग तीर्थक्षेत्री दिसतात आणि पुढे निवृत्तिवेतनाच्या कार्यालयातही तेच दिसतात. मालिकेत या भेटींमध्ये अख्खा आठवडा जात असे, इथे जेमतेम अर्धा तास जातो आणि कथा एकसलग आहे. ज्या चेहऱ्यांच्या बेपर्वाईपायी बायको गेली, तेच चेहरे समोर आल्यावर हा माणूस दचकत कसा नाही? पत्नीच्या मृत्यूने मुसद्दीला प्रथमच स्मृती दिली, दुःख दिले, भूतकाळ दिला, आणि त्याच चित्रपटाने त्याला या पाच जणांपुरते मात्र विस्मरणात ठेवले. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, असे मला वाटते.

माझा प्रश्न असा: हा दोष चित्रपटाच्या घडणीतच आहे, की मालिकेवरच्या लोभामुळे मला तो दिसतो? आपल्याकडे नाटक करणारे पुष्कळ आहेत, त्यांचे मत विशेष करून हवे आहे.

डिचोलीचा नाट्यकर्मी

आपला मुद्दा अर्धा पटतो, अर्धा पटत नाही, आणि न पटलेल्या अर्ध्याबद्दल आधी लिहितो.

एकाच नटाने अनेक रूपांत येणे आणि प्रेक्षकाने ते विनातक्रार मान्य करणे, हे पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतारी मंडळी उभी राहते, तेव्हा संहिता लिहिलेली नसते, आख्यान तेवढे ठरलेले असते, आणि आपापल्या पेटीतून रंग काढून चेहरा रंगवणारा नट त्या रात्री जो असेल तो असतो. काल ज्याला राक्षस म्हणून पाहिले, तोच आज राजा म्हणून बाकावर बसतो आणि बाक सिंहासन होते. छोट्या मंडळीत एकाच रात्री एकाच्या वाट्याला दोन पात्रे येणेही नवे नाही. तेव्हा एकसलग कथेत तोच चेहरा पुन्हा आला एवढ्याने प्रेक्षक बुजतो, हे मला मान्य नाही. आपला प्रेक्षक याहून कितीतरी समंजस आहे.

पण दशावतारात पात्र बदलले की वेश बदलतो, चाल बदलते, आवाज बदलतो, आणि नव्या पात्राच्या प्रवेशाबरोबर पायपेटी आणि मृदंग त्याची वर्दी देतात. नटाने प्रेक्षकाशी जणू करारच केलेला असतो की आता मी दुसरा आहे. मालिकेतला करार याच्या नेमका उलट होता. तिथे पात्रे बदलतच नव्हती. भाटिया वीज खात्यात असो वा टपालात, तो भाटियाच असे, आणि नाव व लकब तीच राहणे हाच त्या मांडणीचा प्राण होता. चित्रपटाला एक काहीतरी निवडायला हवे होते. हे पाच जण चित्रपटभर पाच वेगवेगळी माणसे आहेत असे ठरवून प्रत्येक ठिकाणी त्यांचा वेश, बोलणे आणि वागणे मुळापासून बदलता आले असते. किंवा ही पाचच माणसे जगातल्या सगळ्या खुर्च्या अडवून बसली आहेत, हे स्वप्नासारखे मानून संपूर्ण चित्रपटच त्या सुरात नेता आला असता. दोन्ही वाटा नटांच्या आवाक्यातल्या होत्या. चित्रपट मधेच थांबला आणि त्यामुळे आपल्याला ते खुपते.

म्हणून माझ्या मते दोष खरा आहे, पण तो चेहरे पुन्हा आल्याचा नाही. प्रेक्षकाशी कोणता करार करायचा, हे दिग्दर्शकाने ठरवलेच नाही, हा तो दोष आहे.

म्हापशाच्या बाई

मी शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. आपण दोघांनीही रचनेचा विचार केलात, तो मोलाचा आहे, पण त्यात त्या माणसाचे दुःख मागे पडले असे मला वाटले, म्हणून लिहिते आहे.

माझे यजमान गेल्यानंतर मला कुटुंब निवृत्तिवेतनासाठी एका कार्यालयाच्या खेपा घालाव्या लागल्या. कार्यालयाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. प्रत्येक खेपेला एखादा कागद कमी पडत असे आणि 'फाल्यां यो' (उद्या या) हे शब्द अतिशय सौम्य आवाजात कानावर येत. आपल्या गोव्यात एक गोष्ट वेगळी आहे, ती दिल्ली-मुंबईच्या मालिकेत कधी आली नाही: खिडकीपलीकडचा माणूस बहुधा ओळखीचा निघतो, कुणाच्या तरी शेजारचा, कुणाचा तरी भाचा, आणि त्यामुळे तिथे आवाज चढवणेही जमत नाही. त्या काळात मला कुणाचाही चेहरा दिसत नव्हता. खिडकी दिसे, शिक्का दिसे, माझा नंबर कधी येतो ते दिसे. कालचा कारकून आणि आजचा कारकून एकच होता का, हे कुणी विचारले असते तर मला सांगता आले नसते.

त्यामुळे मुसद्दीने त्या पाच जणांना न ओळखणे मला खोटे वाटले नाही. जोडीदार गमावलेला वयस्क माणूस असाच चालतो. आपण ज्याला विस्मरण म्हणता, ते मला सुन्नपण वाटले, आणि पंकज कपूर यांनी ते जिथे जिथे न बोलता दाखवले, तिथे तिथे मी त्यांच्या बाजूने होते. ज्या नटाने 'करमचंद'मधला गाजर खाणारा गुप्तहेर केला आणि 'मकबूल'मधला तो थंड, घोगऱ्या आवाजाचा अब्बाजी उभा केला, त्याला या म्हाताऱ्याची चाल सापडणार नाही असे होणारच नव्हते.

मलाही चित्रपट आवडला नाही, पण माझे कारण निराळे आहे. शेवटाकडे प्रकरण न्यायालयापर्यंत जाते आणि मुसद्दी बोलू लागतो. मालिकेत त्याच्या वाट्याला असे व्यासपीठ आले नाही आणि म्हणून तो आमच्यातला होता. सामान्य माणसाला अखेरीस न्यायाधीशापुढे मनातले सगळे बोलता येते आणि ऐकणारे गहिवरतात, हे पाहताना मला बरे वाटायला हवे होते, पण वाटले नाही. ज्या निवृत्त माणसांना अशी संधी कधीच मिळणार नाही, त्यांना चित्रपटाने त्या क्षणी मागे सोडले.

मांडवीकाठ

बाईंचे म्हणणे वाचून थांबलो होतो. आता दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट काळाची. हा चित्रपट आला तो काळ आठवून पाहा. एप्रिल २०११ मध्ये अण्णा हजारे जंतरमंतरवर उपोषणाला बसले होते, आणि चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर अवघ्या ११ दिवसांनी, १६ ऑगस्टला त्यांना अटक झाली. त्यानंतर रामलीला मैदानावर जे घडले ते साऱ्या देशाने पाहिले, आपल्या पणजीतही लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले. कार्यालयीन भ्रष्टाचारावरच्या चित्रपटाला यापेक्षा अनुकूल वेळ मिळणे अशक्य होते, तरीही त्या संतापाचा आणि या चित्रपटाचा कुठे सांधा जुळला नाही. मला याचे कारण असे दिसते की २००१ ते २०११ या दशकात नागरिक बदलला होता आणि मुसद्दी बदलला नव्हता. माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा २००५ मध्ये आला. गोव्याने तर स्वतःचा कायदा १९९७ मध्येच केला होता, मालिका सुरू होण्याच्याही आधी. मामलेदार कचेरीत एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यासाठी रखडलेला माणूस आता निदान लेखी विचारू शकत होता की माझी फाईल कोणत्या टेबलावर आहे. असा अर्ज हातात घेतलेला मुसद्दी आणि त्या अर्जाला उत्तर शोधताना घामाघूम झालेले ते पाच जण, हा दहा वर्षांनंतरच्या चित्रपटाचा कणा व्हायला हवा होता. त्याचा साधेपणा तसाच ठेवून त्याच्या हाती एक नवे साधन देता आले असते.

आणि 'जिवंतपणी मृत' हा विषय काही कल्पनेतला नाही. उत्तर प्रदेशातल्या आझमगढ जिल्ह्यातले लाल बिहारी १९७५ पासून १९९४ पर्यंत महसुली दप्तरात मृत होते. त्यांची जमीन नातेवाइकांनी आपल्या नावावर करून घेतली होती. त्यांनी स्वतःच्या नावापुढे 'मृतक' लावले, तसेच मृत ठरवल्या गेलेल्यांचा संघ काढला, आणि आपले अस्तित्व कुठेतरी नोंदले जावे म्हणून निवडणुकाही लढवल्या, त्यातली एक १९८९ मध्ये अमेठीत थेट राजीव गांधींच्या विरोधात. इतके विलक्षण वास्तव हाताशी असताना चित्रपटाने मुसद्दीला एकटा ठेवला, त्याला त्याच्यासारखे दुसरे 'मृत' भेटू दिले नाहीत, याचे मला वाईट वाटते. वास्तवातला माणूस चित्रपटातल्या माणसापेक्षा अधिक कल्पक ठरला.

दुसरी गोष्ट मूळ प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. सरकारी कारभारावरच्या मालिकेतून चित्रपट करण्याचा एक यशस्वी नमुना आहे. आर्मांडो इयानुची यांच्या 'द थिक ऑफ इट' या बीबीसीच्या मालिकेवरून त्यांनीच २००९ मध्ये 'इन द लूप' केला. तिथेही मालिकेतले बरेच नट चित्रपटात आले, पण वेगळ्या नावांनी आणि वेगळ्या भूमिकांत. पीटर कपाल्डी यांचा माल्कम टकर आणि त्याचा साथीदार जेमी हे दोघे मात्र तेच राहिले. म्हणजे नाट्यकर्मी महाशय ज्या कराराबद्दल बोलतात, तो करार तिथे पहिल्याच प्रसंगापासून स्पष्ट होता: केंद्रस्थानचा माणूस तोच, भोवतालचे चेहरे ओळखीचे, पण माणसे नवी, आणि एकदा नवी झाली की चित्रपट संपेपर्यंत तीच. विषयही मालिकेपेक्षा मोठा घेतला होता, थेट युद्धाच्या निर्णयाचा. त्या चित्रपटाच्या पटकथेला ऑस्करचे नामांकन मिळाले. मुसद्दीच्या बाबतीत हे करणे अवघड होते असे मला वाटत नाही.

वास्कोहून

थोडक्यात लिहितो. आपण सगळे मुसद्दीबद्दल बोलत आहोत, माझा शोक त्या पाच जणांसाठी आहे. २०११ पर्यंत हे किती मोठे नट आहेत हे लपून राहिले नव्हते. देवेन भोजानी यांनी 'साराभाई व्हर्सेस साराभाई' दिग्दर्शित केली होती. संजय मिश्रा पुढे तीनच वर्षांनी 'आँखों देखी'सारखी भूमिका पेलून गेले. मनोज पाहवा यांना 'मुल्क'मध्ये पाहून तर मला भाटियाचा समोसा आठवेनासा झाला. इतक्या ताकदीच्या नटांना मोठ्या पडद्यावर आणून त्यांच्याकडून पुन्हा त्याच लकबी करून घेतल्या. छोट्या पडद्यावर, आठवड्यातून एकदा, जाहिराती वगळता वीस-बावीस मिनिटे, त्या लकबी लाडक्या वाटत होत्या. दोन तास सलग पाहताना त्या वाजवीपेक्षा जास्त झाल्या. एका माणसाला आतून उघडून दाखवायला चित्रपटात जागा असते. शुक्ला घरी गेल्यावर कसा असतो, आसावरी जोशींच्या उषाजींच्या पगारात घर कसे चालते, यातले एखादे दृश्य मिळाले असते तरी मी तिकिटाचे पैसे वसूल झाले असे मानले असते.

फोंड्याचा प्रेक्षक

सर्वांचे मनापासून आभार. बाईंचे उत्तर वाचल्यावर मी तीर्थयात्रेचा आणि कार्यालयाचा भाग पुन्हा काढून पाहिला, कारण त्यांचे म्हणणे खरे असेल तर माझा आक्षेप कोसळतो. दुःखाने सुन्न झालेल्या माणसाला चेहरे दिसत नाहीत, हे जीवनातले सत्य म्हणून मला पूर्ण मान्य आहे आणि त्यांनी ते ज्या शब्दांत सांगितले त्यापुढे वाद घालण्याची माझी इच्छा नाही. पण चित्रपट ते सत्य आपल्याला तसे दाखवत नाही, असे मला पुन्हा पाहतानाही वाटले. त्याला सुन्नपण दाखवायचे असते तर कॅमेरा मुसद्दीच्या नजरेतून पाहता, ते पाच चेहरे अंधुक राहते, आवाज दूरून येते. घडते नेमके याच्या उलट. हे पाच जण ज्या त्या ठिकाणी आपली लकब घेऊन ठसक्यात प्रवेश करतात, आणि मालिकेचा जुना प्रेक्षक त्यांना पाहून खूश व्हावा अशीच ती योजना असते. म्हणजे आपण त्यांना ओळखावे, त्यावर हसावे, आणि मुसद्दीने मात्र ओळखू नये. त्या हसण्याच्या क्षणी मी मुसद्दीला सोडून त्या पाच जणांच्या बाजूला जाऊन बसलेला असतो. मालिकेने माझ्यावर ही वेळ कधी आणली नव्हती. तिथे मी हसताना त्याच्याच शेजारी उभा होतो. पत्नीचा अस्थिकलश घेऊन निघालेल्या माणसासमोर मला असे हसायला लावले, हे मला सहन झाले नाही.

मांडवीकाठ यांनी माहितीच्या अधिकाराचे जे सुचवले आहे, त्यावर मी अजून विचार करतो आहे. मुसद्दीच्या हाती ते साधन आले असते तर तो मुसद्दी राहिला असता का? मला वाटते, राहिला असता, कारण अर्जाला उत्तर येण्यासाठी ३० दिवसांची मुदत असते आणि ते ३० दिवस तो ज्या निष्ठेने मोजत बसला असता, ती निष्ठा संपूर्णपणे त्याचीच होती.

वास्कोहून आलेल्या मताशी मात्र मी सहमत नाही. शुक्लाचे घर आणि उषाजींचा पगार दाखवला असता तर त्यांच्याविषयी सहानुभूती वाटली असती, आणि मग मुसद्दी आणखीच एकटा पडला असता. ती पाच माणसे आतून उघडायची नसतात. कुणी बाहेरून कितीही ठोठावले तरी न उघडणारे दार हेच त्यांचे काम होते.

म्हापशाच्या बाई

आपण कॅमेऱ्याबद्दल लिहिले आहे ते मला पटले. मी पंकज कपूर यांच्याकडे इतकी पाहत होते की त्या प्रवेशांची सजावट माझ्या नजरेतून निसटली असणार. माझ्यासारख्या बाईला त्या चित्रपटात त्यांच्याशिवाय दुसरे काही दिसणे कठीणच होते.

एक गोष्ट तरुण वाचकांसाठी सांगते, कारण चित्रपटाचा मूळ विषय त्यांना जुना वाटेल. केंद्र सरकारच्या निवृत्तांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. १० नोव्हेंबर २०१४ पासून 'जीवन प्रमाण' ही सोय सुरू झाली, म्हणजे आता बोटाच्या ठशावरून आणि अलीकडे मोबाईलवर चेहरा दाखवूनही तो दाखला घरबसल्या काढता येतो. सोय चांगली आहे. पण वयोमानाने बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र ठसा स्वीकारत नाही, तेव्हा माणसाला पुन्हा खिडकीपुढे उभे राहावेच लागते. माझ्या ओळखीतल्या दोघी-तिघींना हे भोगावे लागले आहे. तेव्हा हा विषय घेऊन उद्या कुणी पुन्हा चित्रपट करणार असेल, तर तो आजचा विषय आहे, असे मी खात्रीने सांगते. त्यात न्यायालयातले भाषण नसावे, एवढीच माझी मागणी आहे.

डिचोलीचा नाट्यकर्मी

प्रश्नकर्त्यांनी कॅमेऱ्याचे जे निरीक्षण नोंदवले आहे, त्यानंतर माझे 'अर्धे पटत नाही' हे म्हणणे फारसे टिकत नाही, तरी एक शक्यता मांडून थांबतो. आमच्या मंडळात या कथेवर नाटक करायचे ठरले असते, तर मी चेहरे तेच ठेवले असते आणि मुसद्दीला ते एकदाच ओळखू दिले असते. निवृत्तिवेतनाच्या कार्यालयातला पहिला प्रसंग. तो अर्ज पुढे करतो, पटेल 'दो बातें' म्हणतो आणि मुसद्दी अर्ज हातात धरूनच त्याच्या तोंडाकडे पाहत राहतो. "आपण त्या दिवशी रुग्णालयात होतात ना?" एवढेच विचारतो. पटेल सांगतो की छे, मी तर वीस वर्षे याच खुर्चीवर आहे. दोघेही खरे बोलत असतात. त्यानंतर पुढच्या दोन अंकांत त्या पाच जणांपैकी कुणीही कितीही ओळखीची लकब केली, तरी प्रेक्षकाला पूर्वीसारखे हसता येणार नाही, आणि न्यायालयाचा प्रवेश लिहिण्याची गरजही पडणार नाही.